आरपार देवळी

ते मोबाईल ठेवा बरं बाजूले. जागलीले आले ना तुमी? डुकरं काही रील पाहाले येत नाईत, धान खाले येतेत. बुधू, ते एक लाकूड सरकव आगीत. अन् आयुष, तू जवळ ये, उगाच तिकडं एकटा बसू नको. भुताची गोष्ट पाह्यजे म्हणतेत! मले भुताची गोष्ट येत नाई रे बाप्पा. हेमराजची येते. हेमराज काही मेलेला माणूस नाई, ब्रह्मपुरीत काळीपिवळी जीप चालवते, माह्या जिवाभावाचा हाये. पण त्याले विचाराल तं तो सांगनार नाई. मले बी एकदाच सांगतली त्यानं. अन् तिचं शेवटलं जे हाये, ते तं म्या ह्या डोळ्यानं पाह्यलं हाये.

तळटोल्याच्या तलावावर ती लाइन हाये ना, तिथली गोष्ट. मालगुजारानं आपल्या धानगिरणीच्या कामगाराईसाठी बांधली ते, इंग्रजाच्या टाईमले. एकाले एक चिकटून घरं, वरतं एकच लांब कवेलूचं छप्पर, समोर एकच लांब सपरी, ओसरीच म्हणा. सपरीत बसलं का डोळ्यासमोर निरा पाणीच पाणी. पावसाळ्यात तलाव भरला का पैल काठ दिसत नाई. हेमराजनं तिथलं घर विकाले काढलं, तवा त्याच्या कोण्या भाच्यानं फोनवर जाहिरात टाकली, 'जुन्या काळचं सागवानी घर, समोर समुद्र.' घ्या! चंद्रपूर जिल्ह्यात समुद्र! म्या म्हटलं, अबे, फेकाले बी काही माप असते का नाई? पण त्याच समुद्रावर गिऱ्हाईक आलं. अश्वजित नावाचा पोरगा, चंद्रपूरले नोकरीले, नवीन लगन झालेला. बायकोले पाण्याजवळ राहाची हौस. चांगला पोरगा होता, जास्त घासाघीस बी केली नाई त्यानं.

आता त्या लाइनीची एक रीत समजून घ्या, नाई तं पुढं मले मधातच विचारान. दोन घरांच्या मधात एकच भिंत, मातीची, हातभर जाड. अन् सैपाकाच्या खोलीत, चुलीच्या बाजूले, त्या भिंतीत आरपार देवळी. कोनाडा म्हणा, पण दोन्ही आंगून उघडा. इकडून वाटी ठेवाची, तिकडून घ्याची. ठेवली का भिंतीवर ठोकाचं. टक टक... अन् थांबून एक टक. कोणाकडं कोचईच्या वड्या झाल्या, कोणाकडं झिंगे झाले, पहिली वाटी देवळीतून शेजारी जायची. अन् वाटी कधी रिकामी वापस येत नसे. काहीच नसन घरात तं चिमूटभर मीठ घाला, एक मिरची घाला, पण घाला. रिकामी वाटी देली म्हणजे सांगतलं का बाई, आता तुही माही देवाणघेवाण संपली. भांडणं होत, केस ओढत बाया एकमेकीचे, पण रिकामी वाटी कोणी कोणाले देली नाई.

हेमराजची बायको कमळा. अन् तिच्या शेजारच्या घरात मंगली, माही मोठी बहीण. दोघीचं दिवसभर त्या देवळीतून चाले. कमळाच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं, लहानपणी कडबा कापाच्या मशीनीत गेलं. अन् तिची एक आदत होती. बाकीच्या बाया सकाळी चूल सारवतेत, हे रातीच सारवे. सबन जेवले, आपण जेवली, का चुलीवरून पांढऱ्या मातीचा हात फिरवे, मंगच निजाची. किती बी थकली असो. कपडा नाई, बोटानंच. मंग चुलीवर चार रेघा उठत, त्यातली एक आखूड. मंगली तिले चिडवे, "तुह्या चुलीवर तं तुही सही असते वो!"

तं दोन वर्षामागं, सावनात, कमळाले ताप आला. पाणी असं चालू होतं का बस्स. हेमराजचं छप्पर गळाले लागलं, बिछान्यावरच धार. त्यानं तिले उचललं अन् मंगलीच्या घरी आणून टाकलं. याची जीप नाल्याच्या पैल अडकली होती. दुनियेले दवाखान्यात नेणारा माणूस, अन् घरच्या टाईमले जीप नाई! तो निघाला, पुरातून कसाबी जातो अन् कोणाची गाडी पाहातो म्हणून. निघता निघता कमळा म्हणे,

"जराशी पेज द्या जी."

दिवसभरात पहिल्यानं काही मागितलं तिनं. हेमराज दारात होता. तो म्हणे, "आलोच मी. आलो का देतो."

मंगलीनं मांडलं ना भगुणं चुलीवर, नाई असं नाई. पण कमळा ऐकेचना. "हे आले का मंग," म्हणे. हेमराज आला तवा उजाडलं होतं. अन् कमळा... असो.

माती देली तलावाच्या पाळीमागं, बांधाच्या पैल. हेमराज रडला नाई. लोक म्हणत, मजबूत माणूस हाये. मजबूत कायचा! त्याले काही वाटेचना. दुःख नाई, राग नाई, भूक नाई. मले म्हणे, "लटारूभाऊ, पाय बधिर होते ना बसून बसून, तसं माहं सबनच झालं." पोरगी दिव्यानी बारावी झाली होती, तिले घेऊन तो ब्रह्मपुरीत खोली करून राह्यला. जीप चालवे, घरी ये, भिंतीकडं पाहात बसे. पोरीनं भात वाढला तं खाये, नाई वाढला तं मागे नाई. एक दिवस पोरगी फुटली बिचारी. म्हणे, "बाबा, आई एकटी नाई गेली. तुमी बी गेलात. मी कोणाजवळ राहू?" त्याले ते बी लागलं नाई. पण समजलं. डोक्याले समजलं का ते घर काढून टाकलं पाह्यजे, अर्धा माणूस तिथीच रुतून हाये. पोरीसाठी म्हणून त्यानं घर विकाले काढलं.

मंगली तोवर आपल्या पोराकडं एटापल्लीले निघून गेली होती. तिच्या घराले म्या कुलूप लावलं अन् चावी ह्या करदोट्याले बांधली. हे पाहा, अजून हाये.

आता रात सांगतो. मागच्या वर्षीची, पोळ्याची. अवस. दिवसभर बैल फिरले, दारोदार ओवाळले, अन् अंधार पडला तसं गाव खाऊन पिऊन गपगार झालं. सकाळी अश्वजित चावी घ्याले येणार होता. अन् हेमराजचं एक काम बाकी होतं. आपल्याकडं घर विकतेत, चूल विकत नाईत. घरवाल्यानं आपल्या हातानं मोडाची ते. अन् मोडाच्या आंधी तिच्यावर एकडाव काहीतरी शिजवाचं, उपाशी चूल मोडत नाईत. दिवसभर पोळ्याच्या सवाऱ्या होत्या, म्हणून त्याले याले रातच झाली. जीप त्यानं पिंपळाखाली लावली अन् घरात आला. लाइट नव्हतीच. मेणबत्ती लावली.

पोरीचा फोन आला तेवढ्यात. "बाबा, आईची कांशाची वाटी आणजा आठवणीनं. मले काही नको दुसरं, तेवढी वाटी पाह्यजे." फोन ठेवता ठेवता म्हणे, "अन् तुमी बी या."

"हाओ," म्हणे हा.

वाटी फळीवरच होती. धूळ पुसली. घरून मूठभर तांदूळ आणले होते पुडीत. चूल पेटवली, वर्षभराची ओलसर चूल, धुपाली चांगली. तांदूळ शिजाले ठेवले. भात करावा का पेज करावी असा काही इचार त्यानं केला नाई. पाणी जास्त पडलं, अन् झाली पेज. मीठ टाकलं. कमळाच्या वाटीत ओतली. अन् हाताची आदत पाहा रे पोट्टे हो... पहिली वाटी शेजारी. त्यानं ते वाटी उचलली अन् देवळीत सरकवली. भिंतीवर ठोकलं. टक टक. अन् एक टक.

मंग त्याच्या लक्षात आलं. तिकडं कोण हाये? कुलूप हाये तिकडं. जराक हसूच आलं त्याले सोतावर. तो लाकूड माघारी ओढाले वाकला, म्हणे वाटी मंग काढून घेऊ.

भिंतीत आवाज आला. कांसं मातीवर घासते ना, तसा. सरर्...

तो वाकलेलाच राह्यला.

पुन्हा नाई आला आवाज. तो उठला. मेणबत्ती धरली देवळीपाशी. देवळी रिकामी. वाटी नाई. पैलचा अंधार दिसे, बस्स.

उंदीर असन, म्हणे. भरली वाटी उंदीर नेईन का रे? त्याले बी माहीत होतं नाई नेणार म्हणून. पण भेव लागेना. तेच तं मोठं भेव हाये, माणसाले भेव न लागणं. तो चुलीपाशी बसून राह्यला. पेजीची वाफ निघे भगुण्यातून. तिकडून काही नाई. बाहेर एखाद्या बैलाच्या गळ्यातली घंटी हाले, ते बी थांबली.

मंग... टक टक.

थांबून... टक.

भिंतीच्या पैल आंगून.

हेमराज उठला. देवळीत वाटी होती. त्यानं हात घातला. वाटी थंडगार. जड. उजेडात आणली. वाटीत माती होती. ओली. पांढुरकी. मूठभर.

त्याच्या हाताले ते ओळखू आली. तलावाच्या पाळीमागं, खड्ड्याच्या काठावर उभं राहून, त्यानं हीच मूठ टाकली होती. पहिली मूठ नवऱ्याची. ते वापस आली, असं वाटलं त्याले. कमळानं त्याची माती त्याले वापस देली.

अन् पोट्टे हो, दुसरा कोणी असता तं जीपकडं पळत सुटला असता. मी तं पळालोच असतो, धोतर सोडून! हा नाई पळाला. यानं माती भुईवर ओतली, हातानंच वाटी पुसली, अन् भगुण्यातली पेज पुन्हा भरली. आलेली वाटी रिकामी द्याची नाई ना. ठेवली देवळीत. ठोकलं.

सरर्... गेली.

टक टक. टक.

पुन्हा माती.

पुन्हा पेज.

पुन्हा माती.

कितीडाव झालं, त्याले माहीत नाई. मेणबत्ती बुडाले टेकली. पण त्याले बरं वाटून राह्यलं होतं. वर्षभरात पहिल्यानं बरं वाटून राह्यलं होतं, हे त्यानं मले सोता सांगतलं. बोटं गार पडत गेले. मंग हात. मंग खांदे. फोन वाजला मधात, वाजू देला. कोणाचा असन, काही वाटलं नाई. पोरीचं नाव दिसे काचेवर. नाव वाचलं त्यानं. कोणाचं नाव हाये, हे आठवाले त्याले टाईम लागला.

वाटी भरली. ठेवली.

भगुणं पाह्यलं. खरवड फक्त. एवढी संपली का काय देऊ? मीठ हाये. मीठ संपलं तं? तो म्हणे, तवा माह्या मनात आलं, काही नाई तं मीच...

फोन पुन्हा वाजला.

दिव्यानी.

आता मातर त्याले नाव झटकन ओळखू आलं. तिकडं ते पोरगी खोलीत एकटी बसली हाये, अन् मी इथी वाटी भरून राह्यलो. कमळाले जराशी पेज पाह्यजे होती, ते म्या देली नाई, आलो का देतो म्हटलं. अन् पोरीले बी आत्ता तसंच करून राह्यलो. हाओ म्हटलं, अन् जात नाई.

त्यानं फोन घेतला नाई. घेता आला नाई, बोटं वळेचनात. तो देवळीपाशी गेला, तोंड देवळीत घातलं. थंडी आली तिकडून, तलावाच्या बुडातून येते तशी.

"कमळा," म्हणे.

काही नाई.

"कमळा... दिव्यानी एकटी हाये वो."

...

"मले जाऊ दे. मी तुले उपाशी ठेवून गेलो. चुकलं. चुकलं माहं. तिले बी तसंच नको ठेवू देऊ."

...

"अन् ते वाटी दे. तिनं मागितली."

मेणबत्ती गेली.

अंधार. निरा अंधार. हेमराजले आपला हात दिसेना. तो तसाच उभा. किती वेळ, देव जाणे. श्वास ऐकू आला म्हणे. आपलाच असन. का नसन...

मंग सरर्.

हळू. लय हळू. वाटी येऊन राह्यली होती.

टक टक झालं नाई यावेळी.

त्यानं हात घातला देवळीत. वाटी हाताले लागली. गार नव्हती. कोमट होती. राखेनं घासून, धुवून, पुसून ठेवल्यासारखी. त्यानं बोट फिरवलं आतून. पुन्हा फिरवलं.

वाटी रिकामी होती.

ज्या बाईनं आयुष्यात कधी रिकामी वाटी देली नाई रे... भांडण झालं तरी देली नाई. घरात दाणा नव्हता तरी देली नाई. तिनं देली.

हेमराजनं तिथीच फोन लावला पोरीले. "येतो," म्हणे, "सकाळी पहिले येतो. वाटी हाये माह्याजवळ." अन् पहाटच्या अंधारात बसून त्यानं कुदळीनं चूल मोडली. पूर्ण मोडली, एक ढेकूळ ठेवलं नाई.

उजाडल्यावर मी गेलो तिथी, अश्वजितच्या सोबतीनं. चावी देली, घेतली, तो पोरगा अन् त्याची बायको सपरीत जाऊन पाणी पाहात बसले. हेमराजचा चेहरा पांढरा फटक. हाताले माती. मले म्हणे,

"लटारूभाऊ, मंगलीबाईचं घर खोलता का जी?"

"काऊन रे?"

"खोला तं खरं."

कुलूप गंजून बसलं होतं, रॉकेल टाकलं तवा फिरलं. तोवर त्यानं रातचं सबन मले सांगतलं. दाराच्या चौकटीत कोळ्याचं जाळं, एका कोन्यापासून दुसऱ्या कोन्यापर्यंत अख्खं. ते म्याच हातानं तोडलं. आत वर्षभराची धूळ. भुईवर कोणाचं पाऊल नाई, उंदराचं बी नाई. आमी दोघं मागच्या खोलीत गेलो. देवळीखाली पेज सांडलेली असन म्हणून पाह्यलं. थेंब नाई. एक शीत नाई.

तिथल्या कोन्यात माती भिजवाचं मंगलीचं जुनं घमेलं होतं. पांढऱ्या मातीचं. हेमराज त्या घमेल्याकडं पाहातच राह्यला. मंग माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "पाळीची माती नव्हती हो ते. मले वाटलं पाळीची." तो घमेल्याजवळ वाकला. "इथी दुसरं होतं काय तिच्याजवळ? रिकामी वाटी कशी देईन? जे होतं ते देऊन राह्यली होती, अन् मले वाटलं..."

अन् मंग आमी चुलीकडं पाह्यलं. मंगलीच्या चुलीकडं, जिच्यावर वर्षभर कोणी काडी पेटवली नव्हती. चूल सारवलेली होती. ताजी. ओलीकंच. हेमराजनं बोट लावलं, तं माती बोटाले लागली.

तो मट्कन खाली बसला, त्या धुळीत. अन् रडला. वर्षभराचं रडला, लहान लेकरावानी, गुडघ्यात डोकं घालून. सपरीतली ते नवीन पोरगी धावत आली, काय झालं म्हणून. म्या तिले हातानंच थांबवलं.

"जेवली वो ते, लटारूभाऊ," तो म्हणे. "जेवली. आता निजली असन."

मी चूल पाहून राह्यलो होतो. बोटाच्या चार रेघा होत्या चुलीवर. त्यातली एक आखूड.